मिठाच्या पाकिटावर तारीख टाका

आमच्या ह्यांचं बीपी सापडलं ते रक्तदानाच्या रांगेत. पट्टा बांधला, आकडा आला १५८/९८, आणि बिस्किटाचा पुडा हातात देऊन घरी पाठवलं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. पुढं डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि मला विचारलं, "घरात मीठ किती लागतं?" मी म्हटलं, "चवीपुरतं." त्या उत्तराची मलाच नंतर लाज वाटली. अमळनेरात सून म्हणून आले त्याला तीस वर्षं झाली, पण मीठ कधी मोजलं नव्हतं.

तर मोजायचं असं. एक किलोचं नवं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख टाका. संपलं की दिवस मोजा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. किलोत असे पाच-पाच ग्रॅमचे २०० वाटे होतात, म्हणून २०० ला घरातल्या माणसांनी भागा. आम्ही चौघं, सगळे मोठे, तर पाकीट निदान ५० दिवस पुरायला हवं. आमचं २७ दिवसांत संपलं. माणशी सव्वानऊ ग्रॅम! थोडं सांडतं, थोडं भाजी धुण्यात जातं, हे मान्य. पण बाहेरची शेव, फरसाण, वेफर या हिशेबात आलेच नाहीत.

मग मीठ कुठं जातं ते शोधायला बसले. भाजीत वाटलं होतं तेवढं नव्हतंच. पहिला चोर कळण्याचं पीठ. चार किलो ज्वारीला किलोभर उडीद आणि दळायला देतानाच मूठभर खडे मीठ, ही सासूबाईंची पद्धत. आता भाकरी अळणी करतो. सोबत ठेचा असतोच, आणि त्यात मीठ असतं.

दुसरा पापड. किलोभर उडदाच्या पिठाला मी पन्नास ग्रॅम मीठ आणि जवळपास तेवढाच पापडखार घालायची. शंभरेक पापड होतात, म्हणजे एका पापडात अर्धा ग्रॅम मीठ. शिवाय खार जिभेला खारट लागला नाही तरी त्यातही सोडियमच असतं, आणि बीपी वाढवतं ते सोडियम. भज्यातल्या सोड्याचंही तेच. यंदा वैशाखात दोन्ही कमी घातले. पापड जरा कमी फुलतो, कोणी तक्रार केली नाही. रोज दोन खायचो, आता पाहुणे आले की.

शेवभाजीचा रस्सा करताना शेव पुढं येणार आहे हे लक्षात ठेवा आणि मीठ शेव पडल्यावर, चाखून घाला. भरताला तर मीठ फार लागतच नाही. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर, भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे असल्यावर जिभेला कळतही नाही. एकदम निम्मं मात्र करू नका. मी केलं, तर सासूबाईंनी ताट सरकवलं, "भाजीमा मीठच नही ना वं!" दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी केलं तेव्हा जमलं.

कमी सोडियमचं मीठ दुकानात मिळतं. त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

घरी बीपी मोजताना आमची फजिती व्हायची: हे चहा पिऊन, फोनवर बोलत हात पुढं करायचे. चहा, तंबाखू, चालणं यानंतर अर्धा तास थांबा. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला. मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस; पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा वर येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मशीन नसेल तर तीस वर्षांवरच्यांचं बीपी आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. आशाताई फॉर्म भरायला दारी आली की "काही होत नाही मला" म्हणून परत पाठवू नका.

साखरेचं वेगळं लिहावं लागेल. तंबाखूचंही, ह्यांची पुडी अजून सुटलेली नाही, खिशात सापडली की घरात रामायण होतं.

मागचं पाकीट ४१ दिवस गेलं, म्हणजे माणशी सहा ग्रॅम. ह्यांचं सरासरी बीपी आता १३२/८२ आहे. गोळी चालू आहे आणि चालूच राहणार. मिठामुळं किती, गोळीमुळं किती, ते मी सांगत बसत नाही. नव्या पाकिटावरची तारीख या वेळी सासूबाईंनी मुलाकडून टाकून घेतली.