फीचर बंद केलं आणि डबा गप्प झाला: बिल्ड कॉन्फिगरेशनमधल्या या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, त्यामुळे रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातले बर्फ कारखानेही तेव्हा सुस्त असतात. एका कारखान्यातल्या आमच्या तापमान मोजणाऱ्या डब्यात नवं फर्मवेअर (डब्याच्या आतला प्रोग्रॅम) मी म्हणूनच जुलैत टाकलं. तिथला डिस्प्ले कुणी बघत नव्हतं, खाऱ्या हवेनं त्याचा कनेक्टरही हिरवा पडला होता. मेन्युकॉन्फिगमध्ये, म्हणजे कुठली फीचर हवीत ते निवडायच्या यादीत, डिस्प्लेसमोरची खूण काढली, बिल्ड झालं (कोडचं फर्मवेअर बनलं), डबा चालू झाला. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि डब्याचा इशाऱ्याचा एसएमएस गेलाच नाही. सकाळी मालकांचा फोन: “बर्फाचं पाणी झालं, आणि तुमचा डबा गप्प!”

सेटिंग्ज साठवणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये (एकामागोमाग ठरलेल्या जागांच्या मांडणीत) डिस्प्लेच्या उजेडाचे २ बाइट इफडेफच्या, म्हणजे फीचर चालू असेल तरच कोड घेणाऱ्या अटीच्या, आत होते आणि लगेच त्यांच्यानंतर धोक्याचं तापमान. डिस्प्ले गेला तसे ते २ बाइट गेले आणि नंतरचं सगळं वर सरकलं. फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, मात्र जुनीच मांडणी. तापमान आम्ही दहापट करून ठेवतो. उणे ५०, म्हणजे उणे ५ अंश, वाचायच्या जागी फर्मवेअरनं उजेडाचे ८० वाचले. धोक्याची हद्द झाली ८ अंश. बर्फ शिल्लक आहे तोवर खोली ८ पर्यंत चढणार कशी?

तेव्हापासून नियम एकच: इफडेफ कोडभोवती चालेल, साठवलेल्या माहितीभोवती नाही. फीचर बंद असलं तरी त्याची जागा राखून ठेवा. सुरुवातीला मांडणीचा आवृत्ती क्रमांक आणि शेवटी चेकसम (माहिती बिघडली का ते ओळखायचा आकडा) ठेवा. जुळलं नाही तर डब्यानं मूळ सेटिंग्ज घ्याव्यात आणि तसं ओरडून सांगावं.

याच जातीचा दुसरा दोष शोधायला मला दोन दिवस लागले होते. एका फाइलमध्ये कॉन्फिगचं हेडर, म्हणजे कुठली फीचर चालू ते सांगणारी फाइल, घ्यायचं राहिलं. त्या फाइलला स्ट्रक्चर एका मापाचं दिसतं, बाकीच्यांना दुसऱ्या. कंपायलर तक्रार करत नाही, तुकडे जोडणारा लिंकरही नाही. लिनक्स कर्नल हे हेडर कंपायलरच्या ‘इन्क्लूड’ पर्यायातून प्रत्येक फाइलवर सक्तीनं लादतं. तुम्हीही तेच करा.

इफडेफची आणखी एक खोड. कुणी बंद करायचं म्हणून मॅक्रोची, म्हणजे कोडमधल्या फीचरच्या नावाची, किंमत ० ठेवली, तर इफडेफच्या लेखी ते चालूच. कारण तो किंमत बघत नाही, नाव आहे की नाही एवढंच बघतो. उलट प्रीप्रोसेसरच्या, म्हणजे कंपाइलच्या आधी चालणाऱ्या, ‘इफ’मध्ये नावाचं स्पेलिंग चुकलं तर ते गुपचूप ० धरलं जातं. डब्ल्यू-अनडेफ ही वॉर्निंग चालू ठेवा. जमेल तिथे कर्नलसारखा ‘इझ-एनेबल्ड’ (फीचर चालू आहे का ते सांगणारा) मॅक्रो साध्या सी भाषेच्या इफमध्ये वापरा. मग बंद फीचरचा कोडही कंपायलरच्या नजरेखालून जातो आणि ऑप्टिमायझर तो नंतर काढून टाकतो.

के-कॉन्फिगमधला (मेन्युकॉन्फिगची यादी ज्यात लिहितात त्या भाषेतला) ‘सिलेक्ट’, म्हणजे एका पर्यायानं दुसरा आपोआप चालू करणं, सोयीचा वाटतो, पण तो दांडगट आहे. आमच्या ‘एसएमएस इशारा’ पर्यायानं मोडेम ड्रायव्हर सिलेक्ट केला होता. मोडेम स्वतः सीरियल पोर्टवर अवलंबून (‘डिपेंड्स ऑन’) होता. सिलेक्ट ती अट बघतच नाही, त्यामुळे पोर्ट बंद आणि मोडेम चालू असं विचित्र लग्न लागलं. ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ अशी वॉर्निंग दिसली की हेच समजा. स्वतःची अट नसलेल्या, मेन्यूत न दिसणाऱ्या मदतनीस पर्यायांपुरताच सिलेक्ट ठेवा.

देवगडच्या आंबा बागांसाठी आमचा लिनक्सवरचा गेटवे आहे, बिल्डरूट या लिनक्स सिस्टिम बनवायच्या साधनावर बनवलेला. माझ्या मशीनवर तो एनक्रिप्शनसह बनायचा, कुडाळच्या सहकाऱ्याकडे एनक्रिप्शनशिवाय. कारण सोपं होतं: आमच्या प्रोग्रॅमची कॉन्फिगर स्क्रिप्ट ओपनएसएसएल (एनक्रिप्शनची लायब्ररी) सापडलं तर घेते, नाही तर पुढे जाते. माझ्याकडे ते आधीच्या बिल्डमधून पडून होतं. पॅकेजच्या फाइलमध्ये चालू असताना ‘विथ’ लिहिलं होतं, बंद असतानाचं ‘विदाउट’ कुणी लिहिलंच नव्हतं; डिपेंडन्सीही नव्हती. योक्टो या तशाच दुसऱ्या साधनाच्या पॅकेजकॉन्फिगमध्ये चालूचा पर्याय, बंदचा पर्याय, मग डिपेंडन्सी अशी स्वल्पविरामांनी तोडलेली जागाच असते. मधली रिकामी सोडू नका. आणि बिल्डरूटमध्ये पॅकेजची खूण काढली म्हणून टार्गेट फोल्डरमधल्या त्याच्या फाइली जात नाहीत. मेक क्लीन करून पुन्हा बिल्ड, तेवढ्यात चहा.

सेव्हडेफकॉन्फिग (कॉन्फिगरेशन थोडक्यात साठवायची आज्ञा) फक्त डीफॉल्टपेक्षा वेगळं तेवढंच साठवतं. त्यामुळे उद्या कुणी डीफॉल्ट बदललं तर गिऱ्हाइकाचा बोर्डही नकळत बदलतो. म्हणून रिलीज करताना पूर्ण डॉट-कॉन्फिग फाइल वेगळी जपा.

१० स्विच म्हणजे चालू-बंदच्या १०२४ तऱ्हा, सगळ्या कोण तपासणार? आम्ही प्रत्येक बदलाला गिऱ्हाइकांची खरी कॉन्फिगरेशनं आणि सगळं बंद असलेलं ऑलनोकॉन्फिग बिल्ड करतो. रात्री रँडकॉन्फिग (पर्याय कसेही निवडून केलेलं कॉन्फिगरेशन) फिरत राहतं, पावसात वीज टिकली तर.

आता डबा चालू होताना कुठली फीचर चालू, कुठली बंद, ही यादी सीरियल पोर्टवर छापतो. गेटवेत कर्नलचा आयकेकॉन्फिग पर्याय, प्रॉकमधल्या सोयीसकट, चालू आहे, म्हणजे प्रॉक फोल्डरमधल्या कॉन्फिग-डॉट-जीझेडमधून कर्नलचं कॉन्फिगरेशन जागेवरच वाचता येतं. बागेत रेंज नसते, आणि ऑफिसात कुठला बिल्ड कुठे गेला ते आठवणारा माणूस नेमका त्या दिवशी गणपतीला गावी गेलेला असतो.