ट्रेलवरचं नाव: पडू द्यायचं कसं, सांभाळायचं कसं

अमेरिकेतल्या अपलाचियन ट्रेल या लांबलचक पायवाटेची तयारी करणारे काही जण नागपुरातच स्वतःचं ट्रेल-नाव, म्हणजे वाटेवर हाक मारायचं टोपणनाव, ठरवतात आणि टोपीवर शिवूनही घेतात. टोपी तेवढी कोरी ठेवा. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाह्डिनपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटर चालायचंय. नाव बरोबरचे लोक पाडतील. घरून नेलेलं ‘वाघ’, ‘सह्याद्री’ असलं भारदस्त नाव चालतं, कोणी अडवत नाही. पण ते लोकांच्या तोंडी बसत नाही.

पहिले आठ-पंधरा दिवस सरळ घरचं नाव सांगा. नाव पडतं ते बहुधा संध्याकाळी शेल्टरवर, म्हणजे वाटेतल्या मुक्कामाच्या निवाऱ्यात, स्टोव्ह पेटल्यावर. सामान, खाणं, फजिती, बोलण्याची लकब, यातलं काहीतरी कारण होतं. अंध हायकर बिल अर्विन १९९० मध्ये ओरिएंट नावाच्या मार्गदर्शक कुत्र्याला घेऊन हा ट्रेल चालला, तेव्हा दोघांचं मिळून ‘ओरिएंट एक्स्प्रेस’ झालं. इतकं नेमकं नाव घरी बसून सुचत नाही.

समजा, पोह्यांवर घालायला नेलेल्या तर्रीची बाटली स्लीपिंग बॅगवर सांडली. आधी ती बॅग धुवा. अस्वलांच्या मुलखात अंथरुणाला जेवणाचा वास नको. तोवर कोणीतरी ‘तर्री’ म्हणून हाक मारलेली असेल. अडचण अशी की अमेरिकन तोंडी त्याचं ‘टेरी’ होतं, आणि टेरी तिकडे गल्लोगल्ली. उलट नागपुरातल्या सीताबर्डीचं ‘बर्डी’ त्यांना ‘छोटा पक्षी’ असं ऐकू येतं, लगेच लक्षात राहतं. नाव सुचलं की तिघा-चौघांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. ‘ळ’, ‘ढ’, ‘झ’ असलेली नावं दोन दिवसांत मोडतात. तिकडे त्याचा काही वावगा अर्थ निघतो का, हेही गटातल्या एखाद्या अमेरिकनालाच विचारा.

नको असेल तर त्याच संध्याकाळी नाही म्हणा. हसलात की होकार धरला जातो, आणि नाव तुमच्या आधी पुढच्या शेल्टरवर पोचतं. दुसऱ्याला नाव देतानाही त्याला विचारायचं. ज्या गोष्टीवर तो स्वतः हसला, तीच घ्या. अंगकाठी, रंग, जात, आडनाव यांवरून काही नको. आपल्याकडच्या पोट्ट्यांना ‘जाड्या’च्या पुढे सुचत नाही, ती सवय नागपुरात ठेवून जा.

पचमढीच्या दोन मुक्कामांत ट्रेल-नाव पाडायची घाई करू नका. तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटल्याशिवाय ते टिकत नाही. वारीत तर सगळेच माउली, वेगळ्या नावाची गरजच नाही.

शेल्टरमध्ये ठेवलेल्या नोंदवहीत नाव, तारीख आणि दिशा लिहा: उत्तरेकडे निघालेला नोबो, दक्षिणेकडे निघालेला सोबो. स्पेलिंग दरवेळी तेच ठेवा. लोकप्रिय नावं एकाच हंगामात दोघा-तिघांची असतात, म्हणून पुढे काहीतरी जोडा: ‘बर्डी, नागपूर’. परवाना, हॉस्टेलचं बुकिंग आणि टपालानं पुढे पाठवलेला खाण्याचा खोका मात्र पासपोर्टवरच्या नावानंच. पोस्टात ओळखपत्र मागतात. ‘बर्डी’च्या नावाचा खोका तिथेच अडकेल आणि पुढचे चार दिवस मिळेल ते खावं लागेल.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पुढच्या गोष्टीकडे. २०१८ मध्ये फ्लोरिडात एका हायकरचा मृतदेह तंबूत सापडला. वाटेत भेटलेल्यांकडे त्याचे फोटो होते, पण नाव विचारलं तर कोणी ‘डेनिम’ सांगे, कोणी ‘मोस्टली हार्मलेस’. जवळ फोन नाही, ओळखपत्र नाही. खरं नाव कळायला २०२० चा डिसेंबर उजाडला.

म्हणून नाव पडलं त्याच दिवशी घरी कळवा, स्पेलिंगसकट. सोबत चालणाऱ्या निदान दोघांना तुमचं पूर्ण नाव आणि घरचा नंबर ठाऊक हवा. एका कार्डावर पासपोर्टवरचं नाव, ट्रेल-नाव, +९१ लावून घरचा नंबर, रक्तगट आणि औषधांची ॲलर्जी लिहा. ते झिपलॉक पिशवीत घालून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पुढे नाव बदललं तर कार्डही बदला आणि घरी पुन्हा कळवा.