शॉकअप नवे, तरी आवाज का?

गाडी २००७ ची अल्टो. गाव दारव्ह्याच्या बाजूचं, डांबरी रस्ता सोडला की काळ्या मातीतली पांदण. पावसाळ्यात बंड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या दिवाळीला दगडासारख्या वाळतात. त्यातच पुढच्या उजव्या चाकाची खडखड सुरू झाली. बोनेटचा कोपरा दाबून सोडला की गाडी तीन-चारदा डुलायची. स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंग बसवलेल्या पुढच्या शॉकअपवर, तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा लेप.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, तेल भरून देतो, स्वस्तात होते." नाही म्हटलं. मागं एकदा भरलं होतं, सोयाबीन निघेपर्यंतही टिकलं नाही. एकच बदलला तर एक कडक, एक ढिला, म्हणून नव्या शॉकअपची जोडीच घेतली. डावा-उजवा बघून घ्या, ब्रेकच्या पाइपाची पट्टी उलट बाजूला येते.

माझी चूक पुढं झाली. पैसे वाचवायला जुनेच माउंट, म्हणजे शॉकअपच्या वरच्या टोकाच्या रबरी बैठका, बसवले. डुलणं थांबलं, पण उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की स्प्रिंग 'टण्ण' करून उडायची. वरचं बेअरिंग जाम! पुन्हा सगळं खोला, पुन्हा मजुरी द्या. या खेपेला माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (जोराचा धक्का झेलणारा ठोकळा), धूळ अडवणारं रबर सगळं नवं. जुना बंप स्टॉप हातात घेतला तर सरकीच्या ढेपेसारखा कुस्करला. स्प्रिंगा मात्र जुन्याच ठेवल्या. तडा नव्हता, दोघींची उंची सारखी होती.

घरी खोलणार असाल तर स्प्रिंग कंप्रेसरनं, म्हणजे स्प्रिंग आवळून धरायच्या अवजारानं, दाबल्याशिवाय वरचा नट ढिला करू नका, जिवावर बेतेल. शेवटी यवतमाळला चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं, कारण स्ट्रटचे बोल्ट निघाले की चाकाचा कल बदलतो.