भरतीचा हिशेब सांभाळून कंबरलंड बेटावर: गटाने कयाक वल्हवत जाताना

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या दक्षिण टोकाला, समुद्र आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये बांधासारखे आडवे पसरलेले कंबरलंड हे सुमारे साडेसतरा मैल लांबीचे बेट 1972 पासून राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून संरक्षित आहे. अटलांटिकच्या लाटा त्याच्या पूर्वेकडील पुळणीवर फुटतात. कयाकचा (वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होडीचा) मार्ग मात्र पश्चिमेच्या बाजूने, खाड्या आणि गवताळ खाजणांच्या आडोशाने जातो, आणि म्हणूनच थोडाफार सराव असलेल्या सहा-आठ जणांच्या गटाला ही सफर झेपते. अटलांटाहून मोटारीने एका दिवसात बेटासमोरच्या मुख्य भूमीवरील सेंट मेरीज गावी पोहोचता येते, त्यामुळे तिकडच्या मराठी मंडळींना हा बेत लांबच्या सुटीच्या शनिवार-रविवारात सहज बसवता येईल.

निघण्याची वेळ घड्याळाने नव्हे, ओहोटीने ठरवावी. इथे भरती-ओहोटीतील फरक सरासरी 6 फुटांच्या आसपास असतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो आणखी वाढतो. नवशिक्यांचा गट ताशी अडीच-तीन मैलांच्या पुढे जात नाही, आणि विरुद्ध प्रवाह त्यातला निम्मा वेग सहज खाऊन टाकतो. म्हणून पहिल्या सफरीसाठी अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे दिवस निवडावेत, कारण तेव्हा प्रवाहाचा जोर कमी असतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब मात्र या किनाऱ्याला लागू पडत नाही. त्याऐवजी जवळच्या फर्नांडिना बीच केंद्राचे भरती-ओहोटीचे तक्ते वापरावेत.

सेंट मेरीजच्या धक्क्यापासून बेटावरील सी कॅम्प या मुक्कामाच्या तळापर्यंत वल्हवण्याचे अंतर साधारण सहा-सात मैल आहे. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पाण्यात उतरले, की सेंट मेरीज नदीचा उतरता प्रवाह गटाला मुखापर्यंत नेतो. पाणी थबकलेले असताना कंबरलंड साउंड (बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली रुंद खाडी) ओलांडावा, आणि मग चढत्या भरतीबरोबर उत्तरेकडे वळून बेटाच्या कडेकडेने सी कॅम्प गाठावा. आणखी उत्तरेला ब्रिकहिल ब्लफच्या तळावर जायचे असेल, तर भरतीचे पाणी बेटाच्या मागच्या बाजूला दोन्ही टोकांकडून आत शिरते आणि मध्याच्या आसपास कुठेतरी एकमेकांना भिडते, हे ध्यानात ठेवावे. त्या जागेपर्यंत भरती साथ देते आणि पुढे तीच समोरून येते. म्हणून तिथे पाणी पूर्ण भरण्याच्या सुमारास पोहोचावे, म्हणजे पुढचा टप्पा ओहोटीबरोबर पार पडतो.

साउंड ओलांडण्याचा टप्पा सर्वांत जोखमीचा आहे. शेजारीच किंग्ज बे हा नौदलाचा पाणबुडी तळ असून त्या पाणबुड्यांची ये-जा याच जलमार्गाने होते. पाणबुडी किंवा तिच्या सोबतच्या गस्ती नौका दिसल्यास जागीच थांबावे, किमान 500 यार्डांचे अंतर राखावे आणि सूचना मिळाल्यास ती लगेच पाळावी. गटाने इथे विखुरता कामा नये. वाट माहीत असलेला एक जण पुढे आणि सर्वांत अनुभवी माणूस शेवटी असावा (अनुभवी माणसाला पुढे ठेवण्याचा मोह होतो, पण अडचणीत येणारा बहुधा मागेच पडलेला असतो), तर सर्वांत संथ वल्हवणाऱ्याला पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवून त्याच्याच वेगाने साऱ्यांनी चालावे. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट अंगात घातलेलेच असावे, शिट्टी त्यालाच बांधावी आणि निदान दोघांकडे जलरोधक व्हीएचएफ रेडिओ (नौकांशी बोलण्याचा बिनतारी संच) असावा. उलटलेल्या कयाकमध्ये पुन्हा चढण्याचा सराव आधी एखाद्या तलावात सर्वांनी करून घेतलेला असावा. ज्याला तो जमत नाही त्याने फेरीबोटीने बेटावर यावे.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कडांवर कालवांचे धारदार थर असतात आणि त्यांच्यामधला चिखल गुडघ्यापर्यंत आत ओढतो. म्हणून टाच घट्ट धरणारे, जाड तळव्याचे बूट घालूनच उतरावे. कयाक भरतीच्या खुणेच्या बऱ्याच वर उचलून न्यावेत आणि तरीही झाडाला बांधावेत.

हीच कालवे बेटाच्या इतिहासातही भेटतात. बेटाच्या दक्षिण भागातील डंजनेसच्या परिसरात सुमारे 1800 सालचे एक घर उभे आहे. त्याच्या भिंती शिंपल्यांचा भाजलेला चुना, वाळू, पाणी आणि अख्खे शिंपले एकत्र कालवून रचलेल्या आहेत, आणि गिलावा निघालेल्या ठिकाणी ते शिंपले बोटाने चाचपता येतात. जवळच 1959 मध्ये जळालेल्या, उद्योगपती कार्नेगी कुटुंबाच्या प्रासादाचे अवशेष आहेत. मात्र माझ्या मते वेळ राखून ठेवावा तो उत्तर टोकावरच्या वस्तीसाठी. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांनी ती वसवली आणि 1893 मध्ये तिथे आपले चर्च स्थापन केले. 1930 च्या दशकात पुन्हा बांधलेली त्याची साधी लाकडी इमारत आजही उभी आहे. वाटेत मोकाट घोडे दिसतात. त्यांच्या जवळ जाऊ नये, त्यांना खाऊही घालू नये.

मुक्कामाच्या तळाचे आरक्षण आधीच करावे. वसंतात किंवा शरदाच्या उत्तरार्धात जावे, कारण उन्हाळ्यात डास आणि दुपारची वादळे दोन्ही त्रास देतात. ब्रिकहिलला चूल पेटवण्यास परवानगी नाही, म्हणून स्टोव्ह न्यावा, आणि तिथले पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. सी कॅम्पला रकून अन्नाच्या पिशव्या फोडतात, त्यामुळे शिधा तिथल्या जाळीच्या पेटीतच ठेवावा.

सी कॅम्पहून परततानाही नदीच्या मुखाशी ओहोटी संपतानाच पोहोचायचे असते, म्हणजे तिथून पुढे चढती भरती गावापर्यंत नेते. फक्त ही वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. पूर्वेचा जोरदार वारा आणि बाहेर जाणारी ओहोटी समोरासमोर आली, तर मुखाशी उभ्या, आखूड लाटा उठतात. अशा वेळी पुढच्या ओहोटीपर्यंत थांबावे, मात्र ती रात्री येत असेल तर दुसऱ्या दिवशीच निघावे. फेरीबोटीत कयाक घेत नाहीत, त्यामुळे एका जादा दिवसाचे पाणी, शिधा आणि रजा हाताशी ठेवूनच निघावे, आणि परतीचा दिवस किनाऱ्यावरील कोणाला तरी लेखी कळवून ठेवावा.