हाय व्होल्टेज सप्लायला रिमोट आणि सिरियल जोडताना या चुका टाळा

"सर, कॉम्प्युटरवरून सप्लाय ऐकतच नाही" असा फोन आला की मी प्रोग्रॅमचं विचारतच नाही, आधी मागच्या पॅनलचा फोटो पाठव म्हणतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते अर्थिंगवरून. थ्री-पिनमधली अर्थ असतेच, पण मागे एक वेगळा अर्थ बोल्टही दिलेला असतो आणि तो काही शोभेला नाही. एका कॉलेजच्या लॅबमध्ये इलेक्ट्रोस्पिनिंगचा (हाय व्होल्टेजने सुईतून बारीक तंतू ओढून समोरच्या कलेक्टरवर गोळा करायचा) सेटअप होता, ३० केव्हीचा म्हणजे ३० हजार व्होल्टचा सप्लाय, साधी नऊ पिनांची सिरियल केबल, यूएसबी कन्व्हर्टर आणि लॅपटॉप. सगळं मस्त चालायचं, पण सुई आणि कलेक्टरच्या मध्ये ठिणगी पडली रे पडली की लॅपटॉपवरचा कॉम पोर्ट (सिरियल पोर्ट) गायब. पोरांनी कन्व्हर्टर बदलला, ड्रायव्हर बदलला, विंडोज परत टाकलं, शेवटी लॅपटॉपचा यूएसबी पोर्टच गेला तेव्हा मला बोलावलं. जाऊन बघतो तर अर्थ बोल्ट मोकळा, आणि कलेक्टरची वायर लांबच्या एका बोर्डाच्या अर्थ पिनला, ज्या पिनेला मागून वायरच नव्हती! सप्लायवर १ मिलिअँप लिहिलंय म्हणून फसू नका, एचव्ही (हाय व्होल्टेज) केबलमध्ये साठलेला चार्ज ठिणगीत एका क्षणात मोकळा होतो तेव्हा करंट त्याच्या कैक पट जातो आणि त्याला सप्लायकडे परत यायला वाट लागते. सरळ वाट नसली की तो सिरियल केबलच्या ग्राउंडमधून, लॅपटॉपमधून, मिळेल तिथून येतो. कलेक्टरपासून थेट सप्लायच्या अर्थ बोल्टला आखूड चपटी तांब्याची ब्रेड (विणलेली पट्टी) टाकली, बोल्ट नीट अर्थ केला, आणि आधी फेकून दिलेला तोच स्वस्तातला कन्व्हर्टर परत चालायला लागला. ठिणग्या नेहमीच्याच असतील तर मी आयसोलेटेड कन्व्हर्टर किंवा सरळ फायबर लावतो, पण अर्थिंग झाल्यावर, त्याच्याऐवजी नाही.

दुसरं इंटरलॉक, म्हणजे सेटअपचा दरवाजा उघडला की एचव्ही बंद करणारं सर्किट. कंपनीतून येताना त्याच्या दोन टर्मिनलवर जंपर (जोडणारी छोटी तार) असतो, तो काढून तिथे दरवाजाचा स्विच सिरीजमध्ये यायला पाहिजे. होतं काय, घाईत जंपर तसाच राहतो आणि स्विच बिचारा नुसता लोंबकळतो. विचारलं की "तात्पुरतं केलंय सर". हे तात्पुरतं प्रोजेक्ट संपेपर्यंत टिकतं. काही हुशार लोक दरवाजाचा स्विच मायक्रोकंट्रोलरने वाचून सॉफ्टवेअरमधून एचव्ही बंद करतात. प्रोग्रॅम हँग झाला की मग? इंटरलॉक असो की इमर्जन्सी बटण, दोन्हींनी एचव्ही थेट तारेतूनच तुटलं पाहिजे, सॉफ्टवेअरमधून नाही, यावर मी वाद घालत नाही.

ॲनालॉग रिमोटला (बाहेरून छोटं व्होल्टेज देऊन आउटपुट ठरवायची सोय) एकच सांगणं, तुमच्या मॉडेलचा कंट्रोल ० ते १० व्होल्टचा आहे की ० ते ५ चा ते मॅन्युअलमध्ये बघा. ५ वाल्याला १० वाला समजून अर्ध्यासाठी ५ व्होल्ट दिले तर थेट फुल आउटपुट. एचव्ही बंद ठेवूनच कंट्रोल व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. शिल्डेड वायर वापरा.

आता सिरियल. उत्तरच येत नसेल तर आधी पिन २ आणि ३ (डेटा पाठवायची आणि घ्यायची लाइन) क्रॉस आहेत का सरळ ते बघा, मग बॉड रेट (डेटाचा वेग) दोन्हीकडे सारखा आहे का, मग कमांडच्या शेवटी कॅरेज रिटर्न (एंटरचं अक्षर) जातोय का. आरएस-२३२ च्या (याच सिरियल जोडणीच्या) लाइनवर निगेटिव्ह व्होल्टेजही असतं, ३.३ व्होल्टचा बोर्ड थेट जोडलात तर तो मेलाच समजा, मध्ये मॅक्स३२३२ (व्होल्टेजची पातळी जुळवणारी चिप) टाका. आणि कॉम पोर्ट उघडताना डीटीआर, आरटीएस या कंट्रोल लाइन आपोआप हलतात, त्यांच्यावर एचव्ही एनेबल (एचव्ही चालू करणारा सिग्नल) चुकूनही ठेवू नका.

एक टेस्ट मात्र मी कुणालाही चुकवू देत नाही. अगदी कमी व्होल्टेजवर एचव्ही चालू ठेवायचं आणि सिरियल केबल ओढून काढायची. बरेच सप्लाय शेवटचा सेट केलेला आकडा धरून बसतात, कॉम्प्युटर मेला तरी आउटपुट चालूच. मॅन्युअलमध्ये वॉचडॉग किंवा टाइमआउट (कॉम्प्युटरकडून काही आलं नाही की आउटपुट बंद करायची सोय) असेल तर तो चालू करा, नसेल तर एनेबल लाइनवर स्वतःचा टाइमर रिले लावा. आणि एचव्ही बंद केल्यावर स्क्रीनवरचा शून्य बघून हात घालू नका, आधी डिस्चार्ज रॉड (अर्थला जोडलेली, इन्सुलेटेड मुठीची काठी) टेकवा आणि काम होईपर्यंत तिथेच अडकवून ठेवा.