पाट केला, तडकला, पुन्हा केला

सुतारकाम शिकायचं म्हणून बरेच जण थेट खुर्चीलाच हात घालतात. मी म्हणेन, आधी जेवायला बसायचा पाट करा. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. करवत, लाकूड तासायचा रंधा, काटकोन बघायचा गुण्या, ड्रिल, लाकूड कोरायची पटाशी, सगळी हाताखालून जातात.

मी सोलापुरात आमच्या बोळातल्या मिस्त्रीमामांकडे शिकलो. त्यांची उमर हातमाग दुरुस्त करण्यात गेलेली, बोलणं सगळं सुतात. "दोन सूत जास्त हाय बे, काढ." आठ सूत म्हणजे एक इंच, हे आधी पाठ केलं.

पहिल्या दिवशी फक्त गुण्या तपासायला लावला. फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच खुणेवरून दुसरी. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. माझा नवाकोरा खोटा निघाला!

करवत रेघेवर नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूनं चालवायची. दात आलटून-पालटून बाहेर वाकवलेले असतात, म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि रेघेवर कापलं की माप कमी भरतं. रंध्याचं पातं केसभरच बाहेर काढा. चिरफळ्या उठल्या तर जोर लावू नका, फळी फिरवून उलट बाजूनं मारा.

पाट पावसाळ्यात झाला. भक्कम व्हावा म्हणून पट्ट्यांना गोंदही लावला, स्क्रूही. एप्रिलात ऊन चाळिशीपार गेलं आणि एका रात्री फाटकन आवाज आला. आईला वाटलं मांजरानं डबा पाडला. पाट मधोमध तडकला होता.

लाकूड वाळताना रुंदीत आखडतं, लांबीत जवळजवळ नाही. फळी आखडायला बघत होती आणि आडवी चिकटवलेली पट्टी तिला सोडत नव्हती. मामा आधी का बोलले नाहीत, हा राग मला बरेच दिवस होता.

दुसऱ्या पाटाला गोंद नाही. पट्टीत मधलं भोक घट्ट. कडेच्या भोकांसाठी शेजारी-शेजारी दोन छिद्रं पाडून मधलं लाकूड बारीक पटाशीनं काढलं, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा. फळीतही स्क्रूआधी बारीक भोक पाडा, नाहीतर टोकाशी ती उलते.

दोन उन्हाळे झाले, त्याच पाटावर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातोय. पहिल्याच्या तुकड्यांवर पटाशीचा सराव चालू आहे.