दारू सोडवताना घरात आणि गावात होणाऱ्या या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बोटी किनाऱ्याला लागतात, खलाशी घरी येतो आणि घरची माणसं ठरवतात, की या दोन महिन्यांत ह्याची दारू सोडवायचीच. वेळ योग्य असते, पद्धत चुकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडणं. त्याच्या शरीराला दारूची सवय झालेली असते. ती अचानक थांबली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे, साधारण तिसऱ्या दिवशी, काहींना भ्रम होतो. अंथरुणात बसून माणूस नसलेलं जाळं ओढत राहतो, अंगावरचे नसलेले किडे झटकतो, बायकोला ओळखत नाही. मग घरात 'बाहेरचं काहीतरी लागलंय' सुरू होतं आणि नारळ घेऊन कोणीतरी धावतं. गाऱ्हाणं खुशाल घाला, पण आधी रिक्षा बोलवा. यात वेळ गेला तर माणूस दगावतो. दवाखान्यात योग्य औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली तर हेच दिवस बहुतेक वेळा सुखरूप निघतात. पूर्वी एकदाही फिट आली असेल, तर घरी प्रयोग नकोच.

आमटीत चोरून पूड घालणं ही दुसरी चूक. पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही धड माहीत नसतं. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती गोळी, असेल आणि वर दारू पोटात गेली, तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावरही बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. हे औषध त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं.

पैशाचं काय? मालक उचल थेट हातात देतो, ती गुत्त्यावर जाते, आणि वाण्याची उधारी आई फेडते. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, 'ताप आलाय' सांगायला बायकोच पुढे. मायेपोटीच चालतं सगळं, पण दारूची सोय होते ती अशीच. उधारी फेडणं थांबवा, खोटं बोलणं थांबवा. जेवण आणि दवाखान्याची सोबत मात्र थांबवू नका.

गावपातळीवर 'आडवी बाटली'चं, म्हणजे दारूचं दुकान बंद करण्यासाठीचं, मतदान जिंकलं की काम संपलं असं समजलं जातं. निम्म्याहून जास्त महिला मतदारांना एकत्र आणणं सोपं नाही, त्याचं कौतुकच आहे. पण दुकान बंद झालं तरी पिणारा तिथेच असतो, आणि सिंधुदुर्गात तर गोव्याची बाटली मोटरसायकलवरून दारात येते. मतदानासाठी जमलेल्या बायकांनी तेवढ्याच नेटाने उपचाराला जाणाऱ्याच्या एसटी भाड्याचीही सोय पाहावी.

व्यसनमुक्ती केंद्रातून आलेला माणूस गणपतीत हमखास अडकतो. चाकरमानी येतात, भजनानंतर 'एकच घे रे, सणाचं आहे' होतं. आग्रह करणाऱ्याला घरच्या कर्त्या माणसाने तिथेच गप्प करावं. तरीही घसरला, तर 'गेले पैसे वाया' म्हणून हात झटकू नका. असं पुन्हा पिणं या आजारात नेहमीचं आहे. दुसऱ्याच दिवशी त्याला परत डॉक्टरांकडे न्या. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालतो, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. पिणारा तयार नसेल, तरी बायकोने किंवा आईने एकटीनेही फोन करायला हरकत नाही.